लोहाच्या गोळ्या देताना: नर्सेसचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

औषधांच्या ट्रॉलीवर सगळ्यात दुर्लक्षित राहणारं औषध म्हणजे लोहाची गोळी. अँटिबायोटिकची वेळ पाळली जाते, इन्सुलिन दोघी मिळून तपासतात. लोहाची गोळी मात्र वाटीत ठेवून, 'जेवल्यावर घ्या हं' म्हणत पुढच्या पलंगाकडे जायची सवय लागलेली असते. माझीही होती. रक्त न वाढलेले पेशंट महिन्यांनी त्याच तक्रारी घेऊन परत यायला लागले, तेव्हा कळलं की चार्टवर 'दिली' अशी सही झाली म्हणून गोळी रक्तापर्यंत पोचली असं होत नाही. नव्याने ड्यूटीवर आलेल्या मुली आणि कधीकधी जुन्या सिस्टरसुद्धा जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत. डोस ठरवणं डॉक्टरांचं काम. तो डोस नीट पोचवणं आपलं.

पहिली गोळी देण्याआधी काय बघायचं?

हा ॲनिमिया लोहाच्या कमतरतेचाच आहे ना, हे आधी बघा. हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोह कमी, असं धरून चालू नका. थॅलेसेमियात (हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक आजारात), बी-१२ किंवा फोलेटच्या कमतरतेत, किडनीच्या जुन्या आजारात, दीर्घकाळच्या संसर्गातही हिमोग्लोबिन उतरतं. केसपेपर उघडून फेरिटिनचा, म्हणजे अंगातला लोहाचा साठा दाखवणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट शोधा. निरोगी मोठ्या माणसात फेरिटिन १५ मायक्रोग्रॅम प्रति लीटरच्या खाली असेल तर लोहाचा साठा संपला, असं जागतिक आरोग्य संघटना मानते. अंगात संसर्ग किंवा सूज असेल तर फेरिटिन खोटं वर जातं. म्हणून अशा मोठ्या माणसांसाठी हीच रेषा ७० वर धरली आहे. ताप असलेल्या पेशंटचं फेरिटिन ४० बघून 'साठा चांगला आहे' म्हणू नका.

मग पेशंटशी बोला. वारंवार रक्त चढवलं जातं का? घरात कुणाला थॅलेसेमिया किंवा हिमोक्रोमॅटोसिस (शरीरात लोह साठत जाण्याचा आनुवंशिक आजार) आहे का? अशा पेशंटच्या शरीरात आधीच जादा लोह साठलेलं असू शकतं, आणि ते बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. पोटात अल्सर, आतड्याला सूज, गिळायला त्रास, आधी लोहाची गोळी सोसली नव्हती का, हेही विचारा. पाळीत किती रक्त जातं हा प्रश्न बायका स्वतःहून काढत नाहीत, तो आपणच काढायचा. पुरुषात किंवा पाळी थांबलेल्या बाईत लोह कमी असेल तर पोटात किंवा आतड्यात कुठे रक्तस्राव चालू आहे का, याचा शोध लागायला हवा. नुसती गोळी देत राहिलो तर मूळ दुखणं झाकलं जातं.

जीभ, नखं, पापणीच्या आतली बाजू, नाडी, जिना चढताना लागणारी धाप, हे सगळं पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. बर्फ, माती किंवा खडू खावासा वाटतो का तेही विचारा. पेशंट लाजतात, पण सहज सुरात विचारलं तर सांगतात.

ऑर्डरमध्ये '२०० मिग्रॅ' लिहिलंय आणि स्ट्रिपवर '६५ मिग्रॅ'. कोणतं खरं?

दोन्ही खरे. पहिला आकडा पूर्ण क्षाराचा, दुसरा त्यातल्या शुद्ध लोहाचा, म्हणजे एलिमेंटल आयर्नचा. २०० मिग्रॅ वाळवलेल्या फेरस सल्फेटमध्ये साधारण ६५ मिग्रॅ लोह असतं. पाण्याचा अंश असलेलं फेरस सल्फेट असेल तर तेवढ्याच लोहासाठी ३२५ मिग्रॅची गोळी लागते. फेरस फ्युमरेटमध्ये सुमारे ३३ टक्के लोह, फेरस ग्लुकोनेटमध्ये जेमतेम १२ टक्के. म्हणजे ३०० मिग्रॅ फ्युमरेट आणि ३०० मिग्रॅ ग्लुकोनेट यांच्यात जवळपास तिपटीचा फरक आहे.

स्टोअरमध्ये एक गोळी संपली म्हणून 'आयर्नच आहे की' म्हणत दुसरी देऊ नका. बदल करायचाच असेल तर एलिमेंटल लोहाचा आकडा जुळवून, डॉक्टरांना विचारून करा. आमच्याकडे हँडओव्हर देताना 'आयर्न चालू आहे' एवढं न म्हणता 'एलिमेंटल ६०, दिवसातून एकदा' असं म्हणायची सवय लावली, आणि त्याचा उपयोग झाला.

उपाशीपोटी द्यायची की जेवल्यावर?

लोह शोषलं जातं ते जठराच्या लगेच पुढच्या आतड्यात, ड्युओडेनममध्ये आणि त्याला लागून असलेल्या भागात. तिथे आम्ल हवं, आणि वाटेत अन्नाची गर्दी नको. म्हणून जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी, ही उत्तम वेळ. जेवणाबरोबर दिली तर शोषण निम्म्यावर येऊ शकतं.

पण उपाशीपोटी घेऊन जिला दर वेळी उलटी होते, तिच्यासाठी उपाशीपोटीचा हट्ट धरून काही उपयोग नाही. अर्धं शोषण शून्यापेक्षा बरं. तिला थोडं खाऊन त्यावर गोळी घ्यायला सांगा आणि तसं नोंदवून ठेवा. पोट सरावलं की वेळ हळूहळू जेवणापासून लांब नेता येते.

गोळी पेलाभर पाण्याबरोबर आणि बसून घ्यायची. घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, निदान अर्धा तास. गोळी अन्ननलिकेत चिकटून राहिली तर तिथलं अस्तर भाजल्यासारखं होतं. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत हे फार होतं. आपणच रात्री झोपताना घोटभर पाण्याबरोबर गोळी देतो, आणि सकाळी आजी म्हणतात छातीत टोचतंय.

चहा, दूध, कॅल्शियम यांच्यात किती अंतर ठेवायचं? लिंबूपाणी द्यायचंच का?

चहा आणि कॉफीतली टॅनिन-पॉलिफेनॉल लोहाला धरून ठेवतात. दुधातलं कॅल्शियम, कॅल्शियमच्या गोळ्या, ॲसिडिटीची पातळ औषधं, कोंडा यांचंही तेच. दोन तासांचं अंतर ठेवा. यात सगळ्यात मोठा घोटाळा कॅल्शियमचा होतो, कारण गरोदर बाईला दोन्ही गोळ्या एकाच वेळी लिहून दिलेल्या असतात आणि ती दोन्ही एकत्र गिळून मोकळी होते. लोह सकाळी, कॅल्शियम दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणाबरोबर, असं वेगळं करून द्या.

क जीवनसत्त्व लोहाला विरघळलेल्या, शोषता येईल अशा रूपात ठेवतं हे खरं. संत्र्याचा रस किंवा लिंबूपाण्याबरोबर गोळी घेतली तर चांगलंच. पण त्यासाठी क जीवनसत्त्वाची वेगळी गोळी हवीच असं नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, ४४० पेशंटवर केलेल्या चाचणीत नुसतं लोह आणि लोहाबरोबर क जीवनसत्त्व अशा दोन्ही गटांत हिमोग्लोबिन सारखंच वाढलं. पेशंटला आधीच पाच गोळ्या असतील तर सहावीसाठी आग्रह धरू नका. चहाची वेळ बदलायला लावणं जास्त कामाचं आहे.

कोणत्या औषधांबरोबर लोह देऊ नये?

इथे एक चूक सांगते. सकाळी सहाच्या फेरीत मी एका बाईंना थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) आणि लोह एकाच वाटीत देत होते. दोन्ही 'उपाशीपोटी' लिहिलेली, मला ते सोयीचं वाटलं. त्यांचा टीएसएच (थायरॉक्सिन कमी पडलं की वाढणारा रक्तातला आकडा) वाढत गेला, थायरॉक्सिनचा डोस वाढवावा का यावर चर्चा सुरू झाली. राउंडला एका डॉक्टरांनी विचारलं, 'या दोन गोळ्या किती वाजता देता?' मी वेळ सांगितली आणि सांगतानाच माझ्या लक्षात आलं. लोह आतड्यातच थायरॉक्सिनला बांधतं आणि ते शोषलं जात नाही. दोघांत चार तासांचं अंतर हवं. तेव्हापासून ट्रीटमेंट चार्टवर लोहाच्या शेजारी थायरॉक्सिन दिसलं की मी वेळा लाल पेनाने लिहिते.

अशीच बांधणी टेट्रासायक्लिन, डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन यांच्याशी होते, आणि तिथे नुकसान अँटिबायोटिकचं होतं. संसर्ग हटत नाही आणि आपण कल्चर पाठवत बसतो. सिप्रोफ्लॉक्सासिन लोहाच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. डॉक्सिसायक्लिनचा कोर्स थोड्या दिवसांचा असेल तर तेवढे दिवस लोह थांबवायचं का हे डॉक्टरांना विचारा, कारण शोषलं गेलेलं डॉक्सिसायक्लिन पित्तावाटे पुन्हा आतड्यात उतरतं आणि तिथेही लोहाच्या तावडीत सापडतं. पार्किन्सनच्या पेशंटचं लेव्होडोपा, रक्तदाबाचं मेथिलडोपा, हाडांसाठीचं अलेंड्रोनेट, एचआयव्हीचं डोल्युटेग्राव्हिर ही नावंही लक्षात असू द्या. डोल्युटेग्राव्हिर लोहाच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर द्यायचं, नाहीतर दोन्ही जेवणाबरोबर एकत्र.

ओमेप्राझोल, पँटोप्राझोलची गोष्ट वेगळी आहे. ती लोहाला बांधत नाहीत, पण जठरातलं आम्ल कमी करतात, त्यामुळे अंतर ठेवूनही फायदा होत नाही. वर्षानुवर्षं विनाकारण चालू असलेली ॲसिडिटीची गोळी दिसली तर 'ही अजून लागते का?' असं राउंडला जरूर विचारा.

हल्ली दिवसाआड द्यायला सांगतात. मग जुनी दिवसातून तीन वेळा देण्याची पद्धत चुकीची होती का?

त्या वेळच्या समजुतीप्रमाणे ती बरोबर होती. जास्त घातलं की जास्त शोषलं जाईल, असा साधा हिशेब होता. मग हेपसिडिन नावाच्या हार्मोनचं काम उलगडलं. हे यकृतात तयार होतं. लोहाचा मोठा डोस पोटात गेला की हेपसिडिन वाढतं आणि आतड्याचं दार लोटून घेतं. २०१५ आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, लोह कमी असलेल्या तरुण स्त्रियांवरच्या अभ्यासांत दिसलं की ६० मिग्रॅ किंवा जास्त लोहाच्या डोसनंतर हे दार साधारण २४ तास लोटलेलं राहतं. त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या गोळीतलं शोषणाचं प्रमाण घटतं, आणि एक डोस दोन भागांत विभागून दिल्याने शोषण वाढत नाही. न शोषलेलं लोह आतड्यात राहतं, आणि मळमळ, मुरडा, बद्धकोष्ठता त्यातूनच होते.

म्हणून आता बरेच डॉक्टर दिवसातून एकदा किंवा दिवसाआड एकदा लिहितात. ऑर्डर दिवसाआडची असेल तर पेशंटला कारण सांगा, नाहीतर 'एक दिवस विसरल्या वाटतं' म्हणून ते स्वतःच रोज घेतात. घरी कॅलेंडरवर खुणा करायला सांगा. दिवसाआड लक्षात राहणार नाही असं वाटलं तर तेही डॉक्टरांना सांगा. रोज एक गोळी नेमाने घेणारा पेशंट, दिवसाआडच्या गोंधळात आठवड्याला एकच घेणाऱ्यापेक्षा पुढे जातो.

पेशंट म्हणतो शी काळी होतेय. काय सांगायचं?

सांगायचं ते पहिली गोळी देतानाच. नंतर सांगितलं तर उशीर झालेला असतो.

एक मावशी होत्या, पाळीच्या जास्त रक्तस्रावाने हिमोग्लोबिन ६.८ वर आलेलं. दहा-बारा दिवस रोज गोळी हातात घेऊन तोंडाशी न्यायच्या, मी पुढे सरकायची. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी चादर बदलताना उशीच्या अभ्र्यातून रुमालाची गाठ पडली. सोडली तर आत अकरा गोळ्या. काहींचा लाल रंग घामाने रुमालाला लागला होता. रागावायचं माझ्या मनातच आलं नाही, कारण त्या रडायलाच लागल्या. म्हणाल्या, 'रक्त वाढायची म्हणून घेतली, आणि दुसऱ्याच दिवशी रक्तच पडायला लागलं की हो सिस्टर. काळं काळं. घाबरून बंद केली.' त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्या 'कुणी'त मी होते.

न शोषलेलं लोह आतड्यातून जाताना शी काळपट किंवा काळपट हिरवी होते. अपाय काही नाही, गोळी बंद झाली की रंग परत येतो. उलट गोळी घेतो म्हणणाऱ्याची शी नेहमीच्याच रंगाची असेल तर गोळी खरंच पोटात जातेय का, असा प्रश्न मनात येऊ द्या. संशय घेऊ नका, मायेने विचारा.

पण दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. आतड्यातल्या रक्तस्रावानेही शी काळी होते, आणि 'आयर्न चालू आहे' म्हणून ती सोडून दिली तर माणूस हातचा जाऊ शकतो. लोहाची शी बहुधा घट्ट, नेहमीच्या वासाची, कडेला हिरवट झाक असलेली असते. रक्ताची शी डांबरासारखी चिकट, चकचकीत, पातळसर आणि तिचा वास एकदा आला की विसरता येत नाही. शंका आली तर नाडी, रक्तदाब बघा, उभं राहिल्यावर चक्कर येते का विचारा, ताबडतोब डॉक्टरांना कळवा. शीतलं लपलेलं रक्त शोधणारी चाचणी पॉझिटिव्ह आली तर दोष लोहाच्या गोळीवर ढकलू नका. लोहाच्या गोळीने ती सहसा पॉझिटिव्ह येत नाही.

कोलोनोस्कोपी ठरली असेल तर लोह साधारण आठवडाभर आधी थांबवतात, कारण काळी शी आतड्याला लेपासारखी बसते आणि डॉक्टरांना नीट दिसत नाही. यादीत नाव लागलं की लगेच विचारून घ्या.

मळमळ आणि बद्धकोष्ठतेसाठी काय करता येईल?

पहिल्या आठवड्यात त्रास जास्त असतो, हे आधी सांगितलं की निम्मे पेशंट टिकतात असा माझा अनुभव आहे. डोस कमी करणं, दिवसाआड करणं, कमी लोह असलेला क्षार वापरणं, पातळ औषधावर जाणं, असे पर्याय डॉक्टरांकडे असतात. पण ते वापरायला त्रास त्यांच्या कानावर जायला हवा, आणि पेशंट तो डॉक्टरांना सांगत नाही, आपल्याला सांगतो. बद्धकोष्ठतेसाठी पाणी, चालणं, भाज्या-फळं, आणि लागलं तर शी मऊ करणारं औषध. गरोदर बाईत आणि म्हाताऱ्या माणसात तीन-चार दिवस पोट साफ न होण्याची वाट बघू नका.

पोटाला त्रास होऊ नये म्हणून आवरण असलेल्या किंवा हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या मिळतात. त्रास कमी होतो, पण त्यातलं लोह ड्युओडेनम ओलांडून पुढे गेल्यावर सुटतं, जिथे शोषण कमी. हिमोग्लोबिन हलत नसेल तर स्ट्रिप हातात घेऊन गोळी कुठल्या प्रकारची आहे ते वाचा.

लहान मुलांना ड्रॉप्स आणि सिरप देताना काय सांभाळायचं?

ड्रॉप्स आणि सिरप यांच्यातलं लोहाचं प्रमाण वेगळं असतं. ड्रॉप्समध्ये एका मिलीत जेवढं लोह असतं, तेवढ्यासाठी सिरप कितीतरी जास्त लागू शकतं. आईने घरातल्या सिरपच्या चमच्याने ड्रॉप्स दिले तर डोस कितीतरी पटीने वाढतो. बाटलीवरचा 'प्रति मिली' किंवा 'प्रति ५ मिली' हा मजकूर तिच्यासमोर मोठ्याने वाचा. तोंडाने द्यायच्या सिरिंजवर किती भरायचं तिथे पेनाने रेघ मारून द्या, आणि तिच्याच हाताने एकदा भरून घ्या. उपचारासाठी मुलांना साधारण किलोमागे ३ मिग्रॅ एलिमेंटल लोह दिवसातून एकदा देतात, कधी जास्त. ऑर्डर हातात आली की मुलाच्या वजनावरून स्वतः गुणाकार करून बघा.

पातळ औषधाने दात काळे पडतात. डाग वरवरचे असतात, पण आई घाबरते. थोड्या पाण्यात किंवा रसात मिसळून, मोठ्यांना स्ट्रॉने, बाळाला गालाच्या आत मागच्या बाजूला सोडून द्या. मग पाणी पाजा, चूळ भरायला लावा, दात घासा. दुधाच्या बाटलीत औषध मिसळू नका. कॅल्शियमची अडचण आहेच, शिवाय बाळाने बाटली अर्धी सोडली तर डोस किती गेला ते कळत नाही.

गोळी फोडून किंवा नळीतून दिली तर चालेल का?

आवरण असलेली किंवा हळू सुटणारी गोळी फोडायची नाही, कॅप्सूल उघडायची नाही. गिळायला त्रास असणाऱ्याला गोळी देणं तर धोक्याचंच. लोहाची गोळी श्वासनलिकेत गेली तर तिथल्या अस्तराला रासायनिक इजा करते, नुसतं अडकून राहण्यापेक्षा हे वाईट. पक्षाघाताच्या पेशंटला गोळीनंतर ठसका लागला आणि खोकला थांबेना, तर 'पाणी लागलं असेल' म्हणून पुढे जाऊ नका.

रायल्स ट्यूब (नाकातून जठरात घातलेली नळी) असेल तर पातळ औषध मागवून घ्या. ते पाण्यात विरळ करून द्या, आधी आणि नंतर नळी पाण्याने धुवा, फीडमध्ये मिसळू नका. नळीचं टोक कुठे आहे तेही बघा. ते ड्युओडेनमच्या पुढे, खाली असेल तर लोह शोषणाच्या जागेला वळसा घालून जातं.

गरोदरपणात वेगळं काय?

पहिल्या आणि तिसऱ्या तिमाहीत १०० मिली रक्तामागे ११ ग्रॅम आणि दुसऱ्या तिमाहीत १०.५ ग्रॅमच्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे ॲनिमिया, असे जागतिक आरोग्य संघटनेचे २०२४ चे निकष आहेत. ॲनिमिया नसलेल्या गरोदर बाईलाही रोज ३० ते ६० मिग्रॅ एलिमेंटल लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड द्यावं, असं संघटना सांगते. पहिल्या महिन्यांतल्या ओकाऱ्यांमध्ये लोह सोसत नाही. तेव्हा वेळ बदलून बघा, रात्री थोडं खाऊन द्या. गोळ्यांनी बाळ काळं होतं, फार मोठं होतं, अशा भीती मनात असतात. हसून उडवू नका, बसून ऐका. बाळंतपणानंतरही गोळी चालू ठेवायची असते, आणि ती नेमकी तिथेच सुटते, कारण सगळ्यांचं लक्ष बाळाकडे गेलेलं असतं.

हिमोग्लोबिन किती दिवसांत वाढायला हवं?

आठवडा-दहा दिवसांत रेटिक्युलोसाइट म्हणजे कोवळ्या लाल पेशी वाढतात. त्याच सुमारास पेशंट म्हणतो की थोडी हुशारी वाटतेय. दोन ते चार आठवड्यांत हिमोग्लोबिन निदान १ ग्रॅमने वर यायला हवं.

पण तीन-चार महिने गोळ्या का, हे पेशंटला पटत नाही, म्हणून मी हिशेब मांडून दाखवते. १ ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये साधारण ३.४ मिग्रॅ लोह असतं. अंगात ५ लीटर रक्त धरलं आणि हिमोग्लोबिन ८ वरून १२ वर न्यायचं असेल (हे आकडे १०० मिलीमागचे, म्हणजे लीटरमागे ४० ग्रॅमची वाढ), तर २०० ग्रॅम नवं हिमोग्लोबिन लागेल, म्हणजे ६८० मिग्रॅ लोह. ६० मिग्रॅच्या गोळीतून रोज १० मिग्रॅ आत गेलं असं धरलं तर ६८ दिवस झाले. नंतर रिकामी कोठी भरायची आहे. त्यासाठी आणखी ५०० मिग्रॅ धरा, म्हणजे आणखी ५० दिवस. हा ढोबळ हिशेब आहे, प्रत्येकात शोषण वेगळं, पण कागदावर बघितलं की माणसं मान डोलावतात. हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावरही साधारण तीन महिने गोळी का चालू ठेवतात, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

महिन्याभरात काहीच हललं नाही तर 'घेत नसाल' हे पहिलं वाक्य असू नये. चहाबरोबर घेतात का, ॲसिडिटीची गोळी आहे का, रक्त अजून जातंय का, हे बघा. जठरातला एच. पायलोरी हा जंतू, सीलिॲक आजार (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला होणारी इजा), वजन कमी करण्यासाठी केलेली जठराची शस्त्रक्रिया, किंवा मुळात निदानच वेगळं, यांपैकी काही असू शकतं.

तोंडाने लोह पुरणार नाही असे पेशंट कोणते?

शोषणाची जागाच बिघडलेले किंवा शस्त्रक्रियेत वगळलेले, डायलिसिसवरचे बरेच जण, आतड्याची सूज भडकलेले, गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत हिमोग्लोबिन फार कमी असलेल्या, आणि गोळीने जातं त्यापेक्षा जास्त रक्त गमावणारे. हार्ट फेल्युअरमध्येही २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तोंडाने दिलेल्या लोहाने व्यायामाची ताकद वाढली नाही. अशा वेळी शिरेतून लोह देतात, ते तंत्र वेगळं आहे.

लहान मुलाने गोळ्या खाल्ल्या तर?

लाल, गोड आवरणाची गोळी मुलाला खाऊच वाटते. घरात बाळंतीण असते, गोळ्या उशाशी असतात आणि मोठं भावंड दोन-तीन वर्षांचं असतं.

हिशेब डोक्यात ठेवा. किलोमागे २० मिग्रॅ एलिमेंटल लोहाच्या वर विषबाधेची लक्षणं दिसू शकतात, ६० च्या वर जीवाला धोका. १२ किलोच्या मुलाने ६५ मिग्रॅच्या १० गोळ्या खाल्ल्या तर ६५० मिग्रॅ झाले, किलोमागे ५४. म्हणजे एका स्ट्रिपवर मूल त्या रेषेजवळ जाऊन पोचतं.

सुरुवातीच्या सहा तासांत उलट्या, जुलाब, कधी रक्ताच्या उलट्या. मग फसवी वेळ येते. मूल शांत होतं, खेळायला लागतं, आईबाबा घरी न्यायला निघतात. त्यांना जाऊ देऊ नका. त्यानंतर शॉक, रक्तातलं आम्ल वाढणं, यकृत निकामी होणं, असं पुढे जाऊ शकतं, आणि वाचलेल्या मुलाचं जठर किंवा आतडं काही आठवड्यांनी आकसू शकतं. ओकारी काढायचा प्रयत्न करू नका. विषबाधेत देतात ती कोळशाची पूड (ॲक्टिव्हेटेड चारकोल) लोहाला धरत नाही, तिच्यावर विसंबू नका. स्ट्रिप मागवून किती गोळ्या उरल्या ते मोजा, खाल्ल्याची वेळ आणि मुलाचं वजन लिहा. गोळ्या एक्स-रेवर दिसू शकतात. डेफेरोक्सामाइन हा उतारा आहे. तो चालू असताना लघवी लालसर होऊ शकते, हे नातेवाइकांना आधीच सांगा.

एक डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या का?

नाही. पुढची गोळी आपल्या वेळेला.

केसपेपरवर काय नोंदवायचं?

एलिमेंटल लोहाचा डोस, दिल्याची वेळ, जेवणाशी अंतर, समोर गिळली का, शीचा रंग आणि स्वरूप, मळमळ-बद्धकोष्ठता, आणि नाकारली असेल तर पेशंटने सांगितलेलं कारण त्याच्याच शब्दांत. 'पेशंटने नकार दिला' याऐवजी 'शी काळी होते म्हणून भीती वाटते' असं लिहिलं तर पुढच्या शिफ्टच्या सिस्टरला काम करता येतं.

घरी जाताना पेशंटशी नेमकं काय बोलता?

पलंगाशेजारी स्टुलावर बसते, उभ्याने नाही. स्ट्रिप त्यांच्या हातात देते आणि म्हणते, 'काका, ही रक्ताची गोळी. सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, पेलाभर पाण्याबरोबर. चहा त्यानंतर दोन तासांनी. शी काळी होईल, ती गोळीमुळे, घाबरायचं नाही. पण डांबरासारखी चिकट, घाण वासाची झाली किंवा चक्कर आली तर लगेच यायचं. बरं वाटलं तरी गोळी बंद करायची नाही, डॉक्टर सांगतील तेव्हाच. आणि ही कपाटात वर, नातवाचा हात पोचणार नाही तिथे.'

मग म्हणते, 'आता घरी गेल्यावर काकूंना काय सांगाल, ते मला सांगा बघू.' ते सांगतात. चहाचं बहुतेक जण विसरतात, तेवढं पुन्हा सांगते आणि पुन्हा विचारते. रुमालवाल्या मावशींनाही शेवटी असंच विचारलं होतं. त्यांनी बोटं मोजत एकेक सांगितलं, आणि काळ्या शीवर आल्यावर म्हणाल्या, 'काळी झाली म्हणजे गोळी पोटात गेली.'